उतारावरचा

कॅम्पर आधी घेतला, ही पहिली चूक,
असं म्हणून यशोधनने वही उघडली.
अठरा फुटांचा, जुना, मागच्या खिडकीला पिवळट पडदा.
ऑक्टोबरपासून प्युब्लोतल्या आमच्या अंगणात
बैल सोडून नेलेल्या गाडीसारखा
जमिनीला नाक टेकवून बसलाय.
शेजारच्या डार्लीनने दोनदा विचारलं, हा हलणार कधी?

पाच शनिवार ट्रक बघतोय.
पहिला निळा, इतका चकचकीत
की दारात मला माझेच पांढरे केस दिसले.
विकणारा पोरगा म्हणाला, अकरा हजार पौंड ओढतो.
आत कोण बसलेलं असताना? यशोधनने विचारलं,
आणि वाकून दाराच्या कडेची बारीक पाटी वाचली.
आम्ही दोघं, हत्यारांची पेटी, कुकर, तांदूळ,
शिवाय कॅम्परचा मानेवर येणारा भार.
बेरीज झाली तसा
निळा ट्रक वहीतच मटकन खाली बसला.

दुसऱ्याच्या पोटाखाली गंज, वरून ताजा काळा रंग.
शिंगं तासून, तेल चोळून आणलेला म्हातारा बैल
असाच उभा राहतो, जरा जास्तच ताठ.

तुला कसं कळलं? यशोधन म्हणाला.

लग्न ठरताना आमच्याकडच्यांनी सांगितलं होतं,
आजोबांचा व्यापार होता.
कसला, ते तुमच्याकडून कुणी विचारलं नाही.
हेडी होते. खरसुंडीच्या बाजारात
दुसऱ्यांच्या बैलांचे दात मोजायचे.
बत्तीस वर्षांनी, टायरच्या दुकानाशेजारी, वाऱ्यात,
हे असं सांगून झालं.
तो वहीत काहीतरी लिहीत राहिला. आकडा नसावा.

मग आर्चुलेटा.
पोलादाच्या गिरणीतून निवृत्त, डाव्या हाताचं एक बोट अर्धं.
ट्रक पांढरा, चौदा वर्षांचा, सव्वा लाख मैल चाललेला,
आणि बिस्किटांच्या डब्यात प्रत्येक ऑइल बदलाची पावती.
मी गिअरच्या तेलाची काडी ओढून हुंगली.
जळका वास नाही.
म्हातारा बघत होता.
चढावर कसा आहे ते सांगायला त्याने तोंड उघडलं
तर मी म्हटलं, चढाचं राहू द्या,
उतरतो कसा?

चढाला सगळेच जोर करतात, पोरी,
मागे मालक असतो, हातात चाबूक असतो.
उतारावर बघ.
भरली गाडी मागून अंगावर येते
तेव्हा मान मागे रेटून जो खुरं रोवतो, तो घे.
बाकीच्यांच्या पाठीवर हात फिरव आणि पुढे चल.

आर्चुलेटाने भावाचा ट्रेलर जोडला, सरपणाने भरलेला.
वेटमोरच्या पुढे डोंगरात चढलो, वळलो,
आणि उतरायला लागलो.
मागचं ओझं ढकलत होतं, मला पाठीत कळत होतं.
ट्रकने आपणहून खालचा गिअर धरला,
घशातल्या घशात हुंकारला.
माझा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला.
यशोधनने हँडल घट्ट धरलं होतं,
तिसऱ्या वळणानंतर सोडलं.

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा मी सांगितलं,
आमच्याकडे किंमत तोंडाने बोलत नाहीत,
रुमालाखाली बोटं धरतात.
म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला.
मग खिशातून ग्रीसचं लाल फडकं काढून
हात पुढे केला. डावाच.

आजोबांनी मला हे शिकवलं नव्हतं.
मुलींना शिकवत नसत. मी बघितलं होतं.
फडक्याखाली खरखरीत, गरम हात.
मी चार बोटं दाबली, त्याने मान हलवली.
मी परत दाबली, त्याने माझा अंगठा धरला.
अर्धं बोट पाचशेचं धरायचं,
हे आम्ही न बोलताच ठरवलं.

किती? यशोधन विचारतो, पेन उघडून.
पहाटे निघू तेव्हाही विचारेल,
सलायडापर्यंत विचारेल.
सांगायचं नसतं रे.
तेवढ्यासाठीच तर फडकं.